घासाघीस : पन्नास लाखांची

मित्रमैत्रिणींनो (आणि हा अंक नेमाने वाचणाऱ्या सर-मॅडम लोकहो), शीर्षक बघून लगेच पान उलटू नका! मेसचं बिल भरताना ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्या आपल्या हॉस्टेलवासीयांना पन्नास लाखांच्या गाडीशी काय घेणं-देणं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण आपल्यातले बरेच जण मेकॅनिकल, ऑटोमोबाईल, प्रॉडक्शनचे. उद्या यातले काही चाकणला गाड्या बनवतील, काही टाय लावून त्या विकतील आणि एखाद-दुसरा चक्क विकत घेईल. तिघांनाही हा हिशोब माहीत असलेला बरा. शिवाय यातलं निम्मं तरी स्कूटी घेतानाही लागू पडतं.

(आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथे बरोबर असेल तिथे श्रेय आमच्या संपादक मॅडमचं.)

तर विषय असा, की नवीन लक्झरी गाडी घेताना भाव करता येतो का? येतो. मग कुठे येतो आणि कुठे नाही? हे मी पुस्तकातून शिकले नाही, माझ्या मामामुळे शिकले. मामा तासगावच्या बाजूचा द्राक्ष बागायतदार. बेदाण्याचं शेड आहे, भागीदारीत कोल्ड स्टोरेज आहे. आठ वर्षं क्रिस्टा वापरली आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ठरवलं की आता एक जर्मन गाडी घ्यायची. मामीने परवानगी दिली, पण अट घालून. "५३ लाखांच्या वर एक रुपया गेला तर मी त्या गाडीत बसणार नाही." कारण वरचे पैसे म्हणजे माझ्या मामेबहिणीच्या मेडिकल अ‍ॅडमिशनसाठी ठेवलेली एफडी. ती मोडायची नाही म्हणजे नाही. मी मेकॅनिकलला, म्हणून मला टेक्निकल अ‍ॅडव्हायझर म्हणून सोबत नेलं.

आता गंमत बघा. हा माझा मामा खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलाचा सौदा करताना मी लहानपणी पाहिलाय. टॉवेलखाली व्यापाऱ्याचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. बेदाण्याच्या सौद्यात किलोमागे दोन रुपयांसाठी तो तासभर बसतो. तोच माणूस शोरूममध्ये शिरल्यावर एकदम गप्प! काचेच्या भिंती, आरसा वाटाव्यात अशा टाइल्स, कापूचिनो, कसला तरी मंद वास, आणि दर वाक्याला "सर". तिथे उभं राहिलं की भाव करणं म्हणजे गावंढळपणा असं आपोआप वाटायला लागतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की तसं वाटावं म्हणूनच शोरूम तसं बांधलेलं असतं. सेल्समननी मामाला इंजिनबद्दल सांगितलं आणि मला विचारलं, "मॅम, कलर कुठला आवडला?" असो.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त कोटेशन घेऊन परत आलो. ते असं होतं : एक्स-शोरूम किंमत ४६,००,०००. आरटीओचा वन-टाइम टॅक्स ५,९८,०००. इन्शुरन्स १,९५,०००. टीसीएस ४६,०००. नंबरप्लेट, फास्टॅग वगैरे ८,०००. 'लॉजिस्टिक्स अँड हँडलिंग' २५,०००. एक्स्टेंडेड वॉरंटी ८५,०००. 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज' ६८,०००. एकूण ऑन-रोड ५६,२५,०००. म्हणजे मामीच्या लक्ष्मणरेषेच्या सव्वातीन लाख पलीकडे. मामा गाडीत बसल्यावर म्हणाला, "छापील भाव आहे. मोठ्या लोकात घासाघीस करत नसतील."

मोठ्या लोकांत घासाघीस करत नाहीत हा पक्का गैरसमज. मी त्याला औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) उदाहरण दिलं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. साधारण ६५ कोटींचा सौदा. आपण हॉस्टेलवर दहा जण मिळून कॅल्क्युलेटर घेतो आणि दुकानदाराकडून भाव पाडून घेतो, तसंच! गाडीच्या किमतीत आणि बँकेच्या व्याजातसुद्धा त्यांनी सवलत मिळवली. त्यांना कोणी गावंढळ म्हटलं नाही, उलट देशभर बातम्या छापून आल्या.

मात्र सगळ्याच कंपन्यांत आता भाव करता येत नाही, हेही खरं. मर्सिडीजने भारतात ऑक्टोबर २०२१ पासून वेगळी पद्धत आणली. त्यांच्या नव्या गाड्यांचा स्टॉक शोरूमवाल्याचा नसतो, कंपनीचाच असतो. बिल कंपनी देते, देशभर किंमत एकच, आणि शोरूमला कमिशन मिळतं. कंपनीने स्वतःच एखादी ऑफर काढली तर ती सगळ्यांना. तिथल्या सेल्समनशी मूळ किमतीवर कितीही हुज्जत घाला, त्याच्या हातात काही नाही. इन्शुरन्स, जुन्या गाडीची किंमत, लोन, एवढ्यावरच बोलता येतं. जिथे गाडी आधी शोरूमवाला विकत घेतो आणि मग आपल्याला विकतो, तिथे मात्र त्याचं स्वतःचं मार्जिन असतं आणि त्यातून तो सोडू शकतो. म्हणून सौद्याला बसायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "बिल कोणाच्या नावाने येणार? कंपनीच्या की तुमच्या?" आमच्या बाबतीत उत्तर होतं, "आमच्या." मामाचे डोळे जरा चमकले.

आता थोडं गणित. (कंटाळू नका, एम-थ्री पेक्षा सोपं आहे.) २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या आणि लक्झरी पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी सरसकट ४० टक्के आहे. आधी २८ टक्के आणि वर सेस असायचा, मोठ्या एसयूव्हीवर दोन्ही मिळून ५० टक्के व्हायचे. इलेक्ट्रिकवर ५ टक्केच. म्हणजे ४६ लाखांच्या गाडीत गाडी किती? ४६ भागिले १.४, साधारण ३२ लाख ८६ हजार. उरलेले १३ लाख १४ हजार सरकारचे. आता समजा शोरूमने बिलातच १ लाख ४० हजार कमी केले, तर त्याच्या बाजूने कमी झाले फक्त १ लाख. उरलेले ४० हजार टॅक्स कमी झाल्यामुळे वाचले. म्हणून डिस्काउंट हा बिलावरच घ्यायचा. "सर, बिल फुलचं करू, नंतर चेक देतो" किंवा "तेवढ्याच्या अ‍ॅक्सेसरीज घ्या" याला हो म्हणायचं नाही. दोन लाखांची अ‍ॅक्सेसरी शोरूमला दोन लाखांना पडत नाही, पण आपल्या हिशोबात ती दोन लाखांनाच धरली जाते. इथेच माणसं फसतात.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही स्वयंपाकघरात ते कोटेशन घेऊन बसलो, पेन्सिल घेऊन. मामी भाकरी थापत होती आणि मधूनमधून विचारत होती, "हे कशाचे?" खरं सांगते, आमच्यात सगळ्यात भारी ऑडिटर तीच.

"हे कशाचे?" ५,९८,००० म्हणजे आरटीओचा टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला २० लाखांच्या वर किंमत असेल तर १३ टक्के, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के! भागीदारी फर्मच्या नावाने घ्यायचा मामाचा विचार होता, तो तिथेच संपला. हा टॅक्स सरकारी, यात घासाघीस नाही. टीसीएस म्हणजे १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का, तो पॅनवर जमा होतो आणि इन्कम टॅक्स भरताना वळता करून घेता येतो. म्हणजे तो खर्च नाहीच. फक्त तेवढे पैसे काही महिने अडकतात. पण बरेच जण तो मागायचंच विसरतात.

"आणि हे पंचवीस हजार?" हँडलिंग. म्हणजे कंपनीच्या गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा आणि तिथे पुसूनपासून ठेवायचा खर्च. मामी म्हणाली, "म्हणजे दुकानात माल आणायचं भाडं गिऱ्हाईकानं द्यायचं?" यापेक्षा चांगली व्याख्या मला जमणार नाही. हा चार्ज कुठल्याही कायद्याने द्यावा लागत नाही. सरळ "काढा" म्हणायचं. पेंट प्रोटेक्शनसुद्धा ऐच्छिक. करायचंच असेल तर बाहेर भाव विचारून बघा. सांगलीत आम्हाला ६८ हजारांच्या कोटिंगचा भाव निम्म्याहून कमी मिळाला. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र या गाड्यांना मी घ्यायलाच लावीन. तीन वर्षांनंतर एखादा सेन्सर किंवा एअर सस्पेन्शन गेलं तर दुरुस्तीचं बिल लाखात असतं. ती घ्यायची, पण फुकटात मागायची.

इन्शुरन्सवर जरा थांबते, कारण सगळ्यात सोपे पैसे इथे वाचतात. नवीन कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचे दर ठरलेले आहेत. म्हणजे तो भाग सगळीकडे सारखाच. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्याचा प्रीमियम प्रत्येक कंपनीचा वेगळा. शोरूमकडूनच विमा घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. "सर, बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही" असं आम्हाला सांगितलं. मी विमा कंपनीलाच फोन करून त्याच वर्कशॉपचं नाव विचारलं. यादीत होतं! तुलना करताना फक्त एक काळजी घ्यायची. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर जी रक्कम मिळते ती, दोन्हीकडे सारखी हवी आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्शन वगैरे कव्हर तेच हवेत. नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी निव्वळ अर्धी असते. आम्हाला तेच सगळं १,३२,००० ला मिळालं. ६३ हजार वाचले, तेही कोणाशी एक शब्द न भांडता.

जुन्या गाडीचा खेळ सगळ्यात धूर्त. शोरूम एका हाताने डिस्काउंट देतं आणि दुसऱ्या हाताने जुन्या गाडीच्या किमतीतून काढून घेतं. क्रिस्टाला त्यांनी ९,२०,००० सांगितले, वर 'एक्स्चेंज बोनस' ५०,०००. ऐकायला छान. म्हणजे मिळून ९,७०,०००. सांगलीतल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने गाडी उघडून, वाकून, चालवून बघितली आणि १०,२५,००० दिले. म्हणजे बोनस धरूनही शोरूम ५५ हजारांनी मागे. म्हणून नव्या गाडीचा भाव ठरेपर्यंत जुनी गाडी आहे हे बोलायचंच नाही. मामाला हे समजावून सांगावं लागलं नाही. बैल घेताना आधीचा बैल सोबत न्यायचा नसतो, हे त्याला कधीचं माहीत आहे.

लोनचं तर विचारूच नका. मामा ३० लाखांचं लोन पाच वर्षांसाठी घेणार होता. शोरूममधल्या फायनान्सवाल्याने "फक्त साडेपाच टक्के फ्लॅट" सांगितलं. मामाच्या बँकेचा दर होता ९ टक्के, पण रिड्युसिंग. वर वर बघितलं तर साडेपाच स्वस्त ना? फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ३० लाखांवर व्याज, जरी तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी. ३० लाख गुणिले ५.५ टक्के गुणिले ५ म्हणजे व्याज ८,२५,००० आणि हप्ता ६३,७५०. रिड्युसिंग ९ टक्क्यांनी हप्ता येतो ६२,२७५ आणि पाच वर्षांचं व्याज साधारण ७,३६,५००. म्हणजे "नऊ टक्के" हे "साडेपाच टक्क्यां"पेक्षा ८८ हजारांनी स्वस्त!! आमच्या हॉस्टेलच्या विंगमध्ये सात जणींना विचारलं, एकीनेच बरोबर सांगितलं (ती कॉमर्समधून डिप्लोमाला आलेली). १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद बंधनकारक केलाय. त्यावर सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद मागायचा आणि फक्त तोच आकडा बघायचा. या गाड्यांना आणखी एक स्कीम असते, हप्ता कमी पण शेवटी एकदम मोठी रक्कम. ती भरा, नाहीतर गाडी परत करा. ज्यांना दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची आहे त्यांच्यासाठी ती ठीक. मामा गाडी दहा वर्षं वापरणारा माणूस, त्याच्यासाठी नाही.

आता वेळ. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, त्यातही डिसेंबरात, शोरूमवाले जास्त ऐकतात. एक कारण टार्गेट. दुसरं कारण आपल्या देशात गाडीचं वय बनवलेल्या वर्षावरून धरतात. ३१ डिसेंबरला जी गाडी नवी, तीच १ जानेवारीला "गेल्या वर्षीची". सेल्समन सारखं सांगत होता, "सर, जानेवारीपासून भाव वाढतायत." ते खोटं नव्हतं, कंपन्या जानेवारीत भाववाढ जाहीर करतातच. पण बेदाण्याच्या धंद्यात "उद्या भाव वाढणार" हे वाक्य मामा रोज ऐकतो आणि बहुतेक वेळा स्वतःच म्हणतो.

आम्हाला हवा तो रंग स्टॉकमध्ये होता. मी यार्डात जाऊन गाडी बघायचा हट्ट धरला. टायरच्या बाजूला एक लंबगोल असतो, त्यात चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्या गाडीवर होतं २२२५. म्हणजे टायर २०२५ च्या बाविसाव्या आठवड्यातला, मे अखेरचा. दारावरच्या प्लेटवरून कळलं की गाडी जुलैची. सहा महिने यार्डात उन्हात उभी! म्हणजे शोरूमचे पैसे सहा महिने अडकलेले, त्यावर व्याज चालू. इथे सौद्यातली बाजू पालटली. उभी राहिलेली गाडी वाईट नसते, पण बॅटरी उतरलेली असू शकते, टायर एकाच जागी दबलेले असू शकतात. नवीन बॅटरी आणि टायर तपासणी लेखी मागायची. शिवाय मी कोल्हापूर आणि पुणे दोन्हीकडची कोटेशन्स आणली होती. त्याच कंपनीच्या दोन शोरूमचे कागद समोर ठेवले की बोलायची गरजच उरत नाही.

शेवटच्या बैठकीला सेल्स मॅनेजर आले. मामा सवयीने गप्पच. मग सहज त्याने विचारलं, "गाव कुठलं साहेब तुमचं?" ते म्हणाले, "विटा." "मग खरसुंडीला येत असाल की बाजाराला." "वडील न्यायचे." मामा हसला आणि म्हणाला, "मग रुमाल काढू का?" मॅनेजरसुद्धा मोठ्याने हसले. त्या क्षणापासून मला काही बोलावंच लागलं नाही. मी आपली कापूचिनो पीत बघत बसले. मामाचा आवाज, बसण्याची पद्धत, सगळं परत आलं. त्यांनी ७५ हजार सोडले, मामा उठला. १ लाख २५ सांगितले, मामा परत बसला, पण टेकून बसला नाही. मॅनेजर दोनदा "वरती विचारून येतो" म्हणून आत गेले. (वरती कोणी होतं की नाही देव जाणे, बेदाण्याच्या सौद्यातही भागीदाराला विचारायला असंच जातात.) "आजच्या आज बुकिंग करतो, पण हाच आकडा" असं मामाने म्हटल्यावर तासाभराने ठरलं.

बिलावर १,७५,००० कमी, म्हणजे ४४,२५,०००. हँडलिंग आणि पेंट प्रोटेक्शन काढलं. वॉरंटी फुकट. इन्शुरन्स आपला. आरटीओचा टॅक्स त्यांनी मूळ किमतीवरच धरला होता, तो तसाच ५,९८,०००. टीसीएस ४४,२५०, विमा १,३२,०००, किरकोळ ८,०००. बेरीज ५२,०७,२५०. पहिल्या कोटेशनपेक्षा ४,१७,७५० कमी. मामाने फोनवर मामीला आकडा सांगितला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही, मग प्रश्न, "लेखी दिलंय का?" दिलं होतं. शिक्क्यासकट, चासी नंबर लिहून. चासी नंबर लिहून घेणं महत्त्वाचं, नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशी दुसरीच गाडी पुढे येऊ शकते. बुकिंगची रक्कमही बँकेतून द्यायची. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानेच बंदी आहे.

आणि हो, त्या सेल्समनबद्दल. तो मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, चोवीस-पंचवीसचा मुलगा. पगार थोडा, वरचं इन्सेंटिव्ह गाडीमागे. इन्शुरन्स आणि कोटिंग विकलं तर त्याचं वेगळं. आम्ही दोन्ही कापलं. मामाला ते लक्षात आलं असावं, कारण बुकिंग झाल्यावर त्याने त्याच्या दोन भागीदारांचे नंबर त्या मुलाला दिले. त्यातल्या एकाने गेल्याच महिन्यात गाडी बघायला सुरुवात केली. मुलाने मला फोन करून विचारलं, "ताई, ते पण रुमालवाले आहेत का?"

गाडी आता तासगावला दारात उभी आहे, नंबर एमएच-१०. कोटिंग नाही. शेडवरची धूळ रोज बसते आणि मामा रोज सकाळी ती बादली घेऊन पुसतो. मामी मात्र अजून पुढच्या सीटवर बसत नाही. म्हणते, सीट फार खाली आहे, क्रिस्टाच बरी होती.